पेढ्या आणि सईची सोयरीक

आमच्याकडच्या घरमालकांना कुत्रा चालत नाही, मांजर चालत नाही, पाहुणे फार दिवस राहिलेले चालत नाहीत. ससा मात्र चालतो, कारण घरात ससा आहे हे त्यांना कळतच नाही. भोसरीतल्या भाड्याच्या खोल्यांत, दापोडीच्या रेल्वेलगतच्या गल्ल्यांत, चाकणच्या नव्या इमारतींत इतके ससे कुठून आले, असं मला लोक विचारतात तेव्हा मी हेच उत्तर देते. ससा भुंकत नाही, जिन्यात जात नाही, शेजाऱ्यांच्या पायपुसण्यावर घाण करत नाही. फार तर रागावला की मागचा पाय जमिनीवर आपटतो, आणि खालच्या मजल्यावरच्यांना वाटतं वर कोणी मसाला कुटतंय.

दुसरं कारण शिफ्टचं. ससा भर दुपारी झोपतो आणि पहाटे व तिन्हीसांजेला जागा असतो. फर्स्ट शिफ्टवाला कंपनीची बस यायच्या आधी चहा पीत बसतो तेव्हा ससा घरभर उड्या मारत असतो, आणि माणूस कामावरून परत येऊन अंघोळ करून बसला की हा पुन्हा त्याच्या पायाशी हजर. कारखानदारीच्या गावाला याच्यापेक्षा सोयीचा प्राणी सापडायचा नाही.

मी जनावरांची डॉक्टर. नोकरीची पहिली वर्षं सरकारी दवाखान्यात, मावळातल्या गाई-म्हशींमध्ये गेली. मग कासारवाडीत स्टेशनजवळ स्वतःचा दवाखाना थाटला. आता तो एका तरुण डॉक्टरीणबाईंच्या हवाली केला आहे आणि मी अधूनमधून तिथे जाऊन त्यांच्या कामात लुडबूड करते. त्या फार सोशिक आहेत. एकूण माझं बरं चाललं आहे. गुडघे सोडले तर तक्रार नाही.

गाई-म्हशींची डॉक्टर सशांची कशी झाली, तर नाइलाजानं. कॉलेजात आम्हाला ससा शिकवला तो प्रयोगशाळेतला प्राणी म्हणून, नाही तर मांसासाठी पाळायचा म्हणून. ससा आजारी पडला की घरातलं माणूस जेवत नाही, हे कुठल्याच धड्यात नव्हतं. दवाखान्यात ससे येऊ लागले तेव्हा मी पुस्तकं मागवली, परगावच्या जाणत्या डॉक्टरांना फोन केले आणि पुन्हा विद्यार्थी झाले. त्या वयात विद्यार्थी व्हायला मजा येते. परीक्षा नसते.

सशांच्या बाबतीत पहिली भानगड असते ती नर-मादीची. पिल्लू लहान असताना ओळखणं अवघड, आणि दुकानदाराला ते ओळखायची गरज नसते. गिऱ्हाईक मागेल ते तो देतो. वाकडच्या एका इंजिनिअर बाईंचा मला एकदा फोन आला. आवाज अगदी गंभीर. म्हणाल्या, “मॅडम, आमचे राजाभाऊ बाळंत झालेत.” सोबतचा दुसरा ‘भाऊ’ खरोखरच भाऊ निघाला होता. पुढचे सहा महिने त्या बाई ऑफिसातल्या प्रत्येक माणसाला ससा हवा का म्हणून विचारत होत्या.

म्हणून नसबंदी. हा शब्द उच्चारला की समोरचे नवरोबा दचकून आधी माझ्याकडे आणि मग सशाकडे बघतात. बायकांचा आक्षेप निराळा: “एकदा तरी तिला आई होऊ द्या ना.” त्यांना मी सांगायची, सशिणीला आई व्हायची हौस नसते, ती तिच्या शरीराची सक्ती असते. नसबंदी न केलेली सशीण वयात आली की पोटात पिल्लं नसतानाही गळ्याखालचे केस उपटून घरटं करत बसते, आणि म्हातारपणी तिच्या गर्भाशयात गाठी होण्याची भीती फार. अशा कितीतरी सशिणी माझ्याकडे गाठ हाताला लागल्यावर आल्या. ‘गोड आहे, शांत आहे, कशाला पोट फाडायचं’ म्हणत राहिलेल्या घरांतल्या. त्यांतली एखादी वाचली नाही, की रिकामी टोपली परत नेताना हलकी वाटत नाही, जड वाटते. त्यांची मला अजून हळहळ वाटते.

ऑपरेशन तसं छोटं, पण भूल नाजूक. ससा घाबरूनच अर्धा मरतो. त्यामुळे दवाखान्यात कुत्र्यांची वेळ वेगळी आणि सशांची वेगळी, दोघांची गाठ पडू द्यायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: सशाला ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवायचं नाही. माणसाला ठेवतात, कुत्र्याला ठेवतात, कारण भुलीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. सशाला उलटीच होत नाही. त्याचं पोट पिठाच्या गिरणीसारखं असतं, पट्टा सतत फिरता राहिला पाहिजे. तो एकदा थांबला की पुन्हा सुरू करताना नाकी नऊ येतात, आणि कधी कधी सुरू होतच नाही. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगायची. तरी विलास चुकला.

विलास भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये मशीन चालवायचा. मूळचा लातूरकडचा, चाळिशीतला, बोलायला भिडस्त. सोबत त्याची मुलगी ऋतुजा, सातवीतली, शाळेच्याच कपड्यांत. तिच्या मांडीवर पेढ्या नावाचा तपकिरी, चांगला गुबगुबीत नर. हा ससा ऋतुजाच्या आईनं स्वतःच्या आजारपणात तिला आणून दिला होता. आई आदल्या वर्षी गेली होती. मुलगी पेढ्याला एका हातानं धरून ठेवायची आणि दुसऱ्यानं त्याचे डोळे झाकायची, म्हणजे त्याला दवाखाना दिसू नये.

मी विचारलं, “सकाळी काय खाल्लं यानं?”

विलास अभिमानानं म्हणाला, “काहीच नाही मॅडम. काल संध्याकाळपासून पाणीसुद्धा दिलं नाही. ऑपरेशन हाय म्हणून.”

मी त्याला बोलले. बरीच बोलले. दोनदा सांगितलेलं लक्षात कसं राहत नाही, अशा चालीवर. तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि मग हळू आवाजात म्हणाला, “हिच्या आईच्या वेळी पाण्याचा थेंबबी देऊ दिला नव्हता. मला वाटलं, ऑपरेशनला तसंच असतं.”

त्या दिवशी ऑपरेशन करायचं नाही असं ठरवलं आणि पेढ्याला आधी काही तरी खायला घाला म्हटलं. त्यांच्याकडे काहीच नव्हतं. उपाशी ठेवायचं म्हणून गवताची काडीही बरोबर आणली नव्हती.

बाकावर शेजारी मीनल बसली होती. चाकणच्या एका कंपनीत ती क्वालिटीला होती, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पार्टवर शिक्का मारायच्या आधी तो तीनदा मोजणारी. घटस्फोटानंतर दापोडीला आईपाशी राहत होती. तिची सई, पांढरीवर काळे ठिपके असलेली सशीण, वेताच्या टोपलीत ओढणीखाली बसून मेथी खात होती. मीनलनं अर्धी जुडी काढून ऋतुजापुढे धरली. “घे. सई एवढी खात नाही,” म्हणाली. ते खोटं होतं. सई किती खायची ते मला माहीत होतं.

पेढ्यानं मेथी संपवली. विलासचं काम झालं होतं, पुढची तारीखही मिळाली होती. तरी तो गेला नाही. सईचं ऑपरेशन होऊन ती भुलीतून बाहेर येईपर्यंत बाकावर बसून राहिला, आणि मधल्या वेळात त्यानं मीनलसाठी कोपऱ्यावरून चहा आणला. मी दाराच्या फटीतून एकदा बघितलं आणि मास्कच्या आत हसले.

पुढे पेढ्याचंही ऑपरेशन झालं, पोटभर खाऊन. टाके काढायला दोन्ही कुटुंबं एकाच दिवशी आली, तपासणीला पुन्हा एकाच दिवशी. हा योगायोग नव्हता हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. काही महिन्यांनी दोघं लग्नाचं सांगायला आली. नोंदणी पद्धतीनं, साधंच, जेवण घरी. मी मनापासून खूश झाले, आणि लगेच विचारलं, “आणि ससे?”

“राहतील की एकत्र,” विलास म्हणाला. “दोघांचीबी ऑपरेशनं झालीत.”

तेव्हाच मी बजावलं होतं की मला विचारल्याशिवाय त्यांना एकत्र सोडू नका. पण लग्नघरात कोणाच्या काय लक्षात राहतं? आणि शिवाय विलासच्या आई गावाहून आल्या होत्या. त्यांच्या डोक्यात सगळा कार्यक्रम आधीच ठरलेला होता.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडते तर दारात मीनल उभी. अंगावर काठापदराची साडी, हातात हिरवा चुडा, आणि छातीशी टॉवेलात गुंडाळलेली सई. सईचा डावा कान टोकापासून मध्यापर्यंत फाटला होता. मागे विलास, आणि त्याच्या मागे त्याच्या आई, पदराचं टोक तोंडात धरून.

मी कान शिवला. सईचा श्वास ताळ्यावर आल्यावर विचारलं, काय झालं. उत्तर आजींनी दिलं.

“आवो डाक्टरीणबाई, म्या काय वंगाळ केलं का? सून आली, तिच्यासंगं तिची सशीणबी आली. लक्षिमी घरात येती म्हणून दोघींनाबी ववाळलं. दोघींवरनं भाकरतुकडा टाकला. सुनंनं माप वलांडलं. सशिणीला जमंना, तर मीच तिचा पाय धरून माप लवंडलं. मग म्हणलं, नवरीनं नवऱ्याच्या घरी जायाचं असतं. सोडलं तिला त्येच्या जाळीत. तर त्या मुडद्यानं तिला फाडलंच.”

हसू आणि राग दोन्ही एकदम आलं की माणसाचं तोंड कसं होतं ते मला तेव्हा आरशात बघायला आवडलं असतं. एवढ्या वर्षांत सशांची भांडणं पुष्कळ पाहिली, पण सशिणीचा गृहप्रवेश मी पहिल्यांदाच ऐकत होते. आजींनी काही कमी केलं नव्हतं. आपल्याकडे नव्या माणसाला घरात घेताना जे जे करतात ते सगळं त्यांनी प्रेमानं केलं होतं. फक्त ते सशांना लागू नव्हतं.

वाचकांसाठी थोडं समजावून सांगते. ससा दिसायला गरीब असला तरी जागेच्या बाबतीत भाऊबंदकीतला माणूस परवडला. आपली जाळी, आपला कोपरा, आपलं ताट, यांत दुसरा ससा आला की तो चोर. मग तो नर असो की मादी, सुंदर असो की ओवाळून आणलेली. दोन सशांचं जुळवायचं असेल तर पहिली गाठ अशा ठिकाणी घालावी लागते जिथे दोघांचाही वास नाही, दोघांचाही हक्क नाही. तिथे रोज थोडा वेळ, हळूहळू. सशांत नवरी सासरी जात नाही आणि नवरा घरजावई होत नाही. दोघांनी तिसऱ्याच जागी भेटायचं असतं. माणसांत आपण पिढ्यानपिढ्या उलट करत आलो, आणि नव्या सुना चावत नाहीत म्हणून ते चालून गेलं. हे शेवटचं वाक्य मी तेव्हा आजींना ऐकवलं नाही. त्यांची अवस्था आधीच वाईट होती.

खरी गोष्ट विलासनं मला बाहेर बोलावून सांगितली. भांडण सोडवल्यावर सगळे पेढ्यावर ओरडले, तेव्हा ऋतुजा मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, “त्याचं काय चुकलं? ते त्याचं घर आहे. त्याला विचारलं होतं का कुणी?” मुलगी सशाबद्दल बोलत नव्हती हे सगळ्यांना कळलं होतं.

मीनल सईला घेऊन दापोडीला गेली. कान बरा होईपर्यंत, असं ठरलं होतं. कान बरा झाला. मीनल आली नाही. सईला त्या घरात परत ठेवायचं नाही आणि सईला सोडून मी जाणार नाही, एवढंच तिचं म्हणणं. ती रागावली नव्हती. मला वाटतं तिला भीती वाटत होती, की एकदा मोडलेल्या घरातून बाहेर पडून ती दुसऱ्या कोणाच्या तरी घरात आगंतुक म्हणून शिरते आहे. कंपनीच्या बसमधून उतरून ती आईकडे जायची, विलास शिफ्ट संपवून तिला भेटायला दापोडीला जायचा, आणि चार गप्पा मारून भोसरीला परत यायचा. नवीन लग्न झालेल्या माणसाचं हे काय जगणं.

एके दिवशी विलास एकटाच दवाखान्यात आला. “मॅडम, सशांचं तेवढं जमवून द्या. बाकीचं आपोआप होईल.”

मी म्हटलं, “बाकीचं मला येत नाही. सशांचं बघते.”

तिसरी जागा म्हणून आमच्या घरातला हॉल ठरला. दवाखाना चालला नसता, तिथे कुत्र्यांचे वास. आमचे हे जन्मभर कंपनीत सुपरवायझर होते. दोन युनियनची माणसं एकाच कँटीनमध्ये जेवताना सांभाळलेली. त्यांनी सोफा भिंतीला लावला, फरशीवर जुनी सतरंजी अंथरली आणि हातात केरभरणी घेऊन खुर्चीत बसले. भांडण लागलं तर हात घालायचा नसतो, ससे कडकडून चावतात. दोघांच्या मध्ये केरभरणी सरकवायची. ह्यांना हे काम इतकं आवडलं की रविवारी सकाळपासून ते केरभरणी शोधत फिरायचे.

रोज संध्याकाळी तासभर आणि रविवारी जास्त वेळ, पेढ्याला घेऊन ऋतुजा यायची आणि सईला घेऊन मीनल. विलासला मी बंदी घातली. पहिल्या दिवशी तो आला होता, दोघींच्या मध्ये बसून एकदा हिच्या आणि एकदा तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि त्याच्या त्या घुसमटीनं ससेच काय, आम्हीही बावचळलो. त्या दोघींना मी एकच नियम सांगितला: सतरंजीच्या दोन टोकांना जमिनीवर बसायचं आणि बोलायचं नाही. सशांना आवाजाचा त्रास होतो हे खरंच आहे. पण खरं सांगायचं तर हा नियम मी त्या दोघींची सोय बघून केला होता. ज्यांना एकमेकींशी काय बोलावं कळत नाही, त्यांना न बोलण्याची परवानगी मिळाली की बरं वाटतं.

पहिले काही दिवस ससे एकमेकांकडे पाठ करून अंग चाटत बसले. मला कोणी काहीच नाही, असं दाखवायची ही त्यांची रीत. मग पाठलाग सुरू झाला, केसांचे पुंजके उडाले, ह्यांच्या केरभरणीला काम मिळालं. मग मी मेथीची एकच जुडी मधोमध ठेवली. दोघं दोन बाजूंनी खात आले, नाकाला नाक लागलं, आणि दोघं मागे पळाले. मीनलला हसू फुटलं. ऋतुजालाही आलं होतं, ते तिनं दप्तरात तोंड घालून लपवलं.

नंतर चहा व्हायचा. तेवढ्यात त्या दोघी बोलायच्या, फक्त सशांबद्दल.

“सईची नखं वाढलीत.”

“रविवारी कापते.”

“पेढ्याची मी कापते. बाबांना भीती वाटते.”

“सईच्या वेळी मला पण वाटते. मला दाखवशील?”

असं. याच्यापलीकडे एक शब्द नाही.

मग आली ती गोष्ट जिथे बहुतेक जोड्या अडकतात. पेढ्या सईसमोर जाऊन डोकं खाली घालून बसला. ऋतुजानं विचारलं, “मॅडम, पेढ्या हरला का?”

“उलटं. तो तिला हुकूम सोडतोय. माझं कपाळ चाट म्हणतोय. सशांत जो स्वतःला मोठा समजतो तो डोकं खाली घालतो.”

सईनं काय करावं? तिनंही डोकं खाली घातलं. दोघं कपाळाला कपाळ लावून, मान खाली घालून बसले. दुसऱ्यानं आधी चाटावं म्हणून. दिवसामागून दिवस हेच. आमचे हे म्हणाले, “वाटाघाटी फिसकटणार. मी पुष्कळ बघितल्यात.” मलाही तसं वाटू लागलं होतं. सगळेच ससे जुळत नाहीत. काहींना आयुष्यभर शेजारी-शेजारी पण वेगळ्या जाळ्यांत ठेवावं लागतं. ते मी लोकांना सांगत आले आहे. पण हे दोन ससे जुळले नाहीत तर त्यांच्यामागची तीन माणसंही वेगळ्या जाळ्यांतच राहणार, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि त्यामुळे रविवार जवळ आला की मी मेथीची जुडी दोनदोनदा निवडायची. सशांच्या बाबतीत मला असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

एका रविवारी पेढ्यानं डोकं उचललं. सईच्या जवळ सरकला. ह्यांनी केरभरणी पुढे केली, मी त्यांचा हात धरला. पेढ्यानं नाक हलवत सईचा कान हुंगला, त्यानंच फाडलेला, मी शिवलेला, आणि तो चाटायला लागला. बराच वेळ चाटत होता. सई हळूहळू फरशीवर पसरली आणि तिनं डोळे मिटले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी ते लपवलं नाही. मीनल तोंडावर हात धरून बसली होती. ऋतुजा सशांकडे बघत नव्हती, ती मीनलकडे बघत होती.

जुळलेले ससे पुन्हा वेगळे करायचे नसतात, म्हणून ते दोघं आमच्याच हॉलमध्ये राहिले. मीनल कंपनीतून येताना बघून जायची, ऋतुजा शाळा सुटल्यावर बसनं येऊन. आता एकच गोष्ट उरली होती, त्यांना भोसरीला न्यायची. ती सोपी नसते. जुन्या जागेत पाऊल टाकलं की नराला पुन्हा आपलं राज्य आठवतं. म्हणून मी आधी जाऊन त्यांचं घर बघून आले.

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत खिडकीशी पायाचं शिलाई मशीन, त्यावर भरतकाम केलेलं झाकण. मशीनच्या खाली, पायडलजवळ, पेढ्याची जाळी. मी वाकून बघितलं तर मशीनच्या लोखंडी पायांवर सगळीकडे तुकतुकीत डाग. ससा हनुवटी घासून जागेवर आपला वास लावतो, तो मालकीचा शिक्का. पेढ्यानं त्या मशीनच्या इंच-इंच जागेवर शिक्का मारला होता.

मी विलासला सांगितलं, जाळी बदला, फरशी व्हिनेगरनं पुसा, सतरंज्या धुवा, सामान हलवून खोलीचं रूप पालटा. आणि मुख्य म्हणजे हे मशीन धुऊन दुसऱ्या भिंतीला न्या.

विलासनं मशीनकडे बघितलं. मग म्हणाला, “मॅडम, ते सोडून बाकी सांगा.”

आजी आतून म्हणाल्या, “त्या मशिनीला कुणी हात लावत न्हाई, बाई. पोरीची माय तिथं बसून शिवायची. पोरगी झाकणसुदिक काढू देत न्हाई.”

मी परत आले. मशीन तिथेच ठेवून काही जमेल का, याचा मी दोन दिवस विचार केला. मध्ये फळी घालू, दुसऱ्या खोलीत ठेवू. पण दोन खोल्यांच्या घरात ससा काही एका खोलीत राहत नाही, आणि सईचा दुसरा कान मला शिवायचा नव्हता.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी ऋतुजा आली. पेढ्या आणि सई एकमेकांवर रेलून बसले होते. तिनं दोघांच्या पाठीवरून हात फिरवला आणि वर न बघता विचारलं, “मशीन हलवलं नाही तर नाहीच का जमणार?”

बाबांनी सांगितलं होतं की आजींनी, मी विचारलं नाही. माझ्या जिभेवर होतं, ‘बघू गं, काही तरी करू.’ मुलीचा चेहरा बघून कोणीही तेच म्हणालं असतं. पण सशांच्या बाबतीत मी कोणाला खोटं सांगितलेलं नाही, आणि ती मुलगी खरं ऐकण्याइतकी मोठी होती.

“नाही जमणार,” मी म्हटलं. “तिथे आधी पेढ्याच होता, हे पेढ्या विसरणार नाही. जागा थोडी बदलली तरच त्याला वाटेल, की इथे दोघं एकदमच राहायला आलोत.”

आमच्या ह्यांनी टीव्ही बंद केला. ऋतुजानं सईच्या शिवलेल्या कानाची शिवण बोटानं चाचपली. मग म्हणाली, “मॅडम, तुमचा फोन द्या ना.”

मला वाटलं, बाबांना विचारणार. विलास सेकंड शिफ्टला होता, फोन उचलणार नाही हे सांगायला मी तोंड उघडलं, तर तिनं पाठ असलेला दुसराच नंबर दाबला. माझे कान आता मंद झालेत, त्यामुळे माझा फोन नेहमी मोठ्यानं बोलतो. पलीकडून मीनलचा आवाज आला.

“मावशी, मी ऋतुजा,” ती म्हणाली. तिनं मीनलला काही तरी म्हणून हाक मारलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. “आईचं मशीन हलवायचंय. जड आहे. दुसऱ्या बाजूनं धरायला येता का?”

मग मीनल सांभाळून, एकेक शब्द मोजत म्हणाली, “रविवारी बाबा घरी आहेत ना? ते उचलतील. तुला घाई नाही ना?”

“बाबा नकोत,” ऋतुजा म्हणाली. “मशीनला हात लावला की ते रडतात. आपण दोघी उचलू.”